रविवारी सकाळी सात

२ जून, मंगळवार

वही आणली. दोनशे पानी, रेघांची. दुकानदाराने विचारलं, नातवाला का? म्हटलं, हो. चौसष्टाव्या वर्षी डायरी लिहायला घेतोय हे त्याला कशाला सांगत बसू.

कारण हिने तंबी दिली आहे. काल रिपोर्ट घेऊन घरी आलो, मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या, तर म्हणाली, "एक सांगून ठेवते. माझं दुखणं तुमच्या 'बत्तिशी'त नको." 'बत्तिशी' हा माझा ब्लॉग. मी डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवतो म्हणून ते नाव. सोळा वर्षं झाली, दर रविवारी सकाळी सातला एक लेख. एकही रविवार चुकलेला नाही. लेकीचं लग्न रविवारी होतं, तेव्हासुद्धा सातला लेख गेला आणि आठला आम्ही हॉलवर. माझ्या मूळव्याधीच्या ऑपरेशनवर तर तीन भाग झाले होते, आणि लोकांना आवडले होते. आणि आता हे एवढं मोठं आलंय घरात, तर त्यावर बंदी. न लिहिता मी राहणार कसा? लिहिल्याशिवाय मला काही झाल्यासारखंच वाटत नाही. म्हणून ही वही.

तर झालंय असं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. मोठ्या डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं, सहा महिने धरून चला. हिला काय आणि किती सांगायचं ते तुम्ही ठरवा म्हणाले. लेक रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब राहते. तिला फोन केला. ती रडली, मग म्हणाली, आईला खरं सांगायलाच हवं, आणि ते तुम्हीच सांगायचं. म्हटलं, योग्य वेळ बघून सांगतो.

५ जून, शुक्रवार

हिने विचारलंच. डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर नेऊन काय सांगितलं? म्हटलं, पथ्यपाणी, दुसरं काय. जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि "बरं" म्हणाली. एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजात काढलेली बाई. नुसत्या आवाजावरून माणूस ओळखते अशी हिची ऐट. सुटलो बुवा.

रविवारचा लेख कवळीसाठी वितळवतो त्या मेणाच्या वासावर. बरा जमलाय.

२१ जून, रविवार

सातला लेख गेला. माझी पद्धत ठरलेली आहे. गुरुवारी कच्चं लिहायचं, शुक्रवारी काटछाट, शनिवारी संगणकावर चढवून वेळ लावून ठेवायची. रविवारी तो आपला आपण जातो, मी अंथरुणात असलो तरी. ही पहिली वाचक. चहा घेऊन बाल्कनीत बसते, फोनवर वाचते आणि एकच वाक्य बोलते. आजचा लेख एका म्हातारबांवर होता, कवळी बसल्यावर आरशात बघून रडले त्यांच्यावर. ही म्हणाली, तुम्हाला त्यांची इतकी दया आली होती होय? त्या दिवशी घरी आलात तेव्हा तर भाजी खारट झाली म्हणून तोंड वाकडं करून बसला होता.

आता लेखात माणूस जरा बरा दिसतो, त्याला मी काय करू.

पहिली कमेंट नेहमीप्रमाणे निवृत्त पोस्टमास्तरांची. या गृहस्थांना मी कधी पाहिलेलं नाही, पण सात वाजून दहाच्या आत त्यांचं "अंतर्मुख केलंत" येतं म्हणजे येतंच. वाचक एकूण साठ-सत्तर. माझ्यासारख्याला पुष्कळ झाले.

१६ जुलै, गुरुवार

हिला सलाईनमधून औषध देतात, चार तास लागतात. मी पाठकोरे कागद घेऊन गेलो होतो, गुरुवार म्हणजे कच्चं लिहायचा वार. ही म्हणाली, आज लिहू नका ना, नुसते बसा. म्हटलं, दोनच परिच्छेद राहिलेत. ते संपेपर्यंत हिला झोप लागली होती. हात चादरीवर होते आणि झोपेतही बोटं हलत होती, कुणाची तरी लाईन जोडून द्यायची राहिल्यासारखी. वाक्य चांगलं आहे. पण बंदी आहे, म्हणून इथे टिपून ठेवतो.

९ ऑगस्ट, रविवार

लेकीचा फोन. सांगितलंत का? नाही अजून. ती म्हणाली, बाबा, आठशे लेख लिहिलेत आणि एक वाक्य बोलता येत नाही? फार लागलं. पण काय करणार, आपलेच दात, आपलेच ओठ.

प्रयत्न केला नाही असं नाही. संध्याकाळी हिच्याजवळ जाऊन बसलो. घसा खाकरला. हिने लगेच हातातला फोन बाजूला ठेवला, नीट माझ्याकडे वळून बसली. मी म्हटलं, पंखा फार कुरकुरतोय, तेल घालायला हवं. "घाला मग," म्हणाली. आणि परत फोन उचलला.

१० सप्टेंबर, गुरुवार

हिला फार थकवा आहे. सारखं आत-बाहेर करताना माझं लिखाणाचं तंत्र बिघडायला लागलंय. पुढे कसे दिवस येतील सांगता येत नाही, आणि सोळा वर्षांत न पडलेला खंड आता पडू द्यायचा नाही. म्हणून ठरवलं, बेगमी करून ठेवायची. रोज सकाळी लॅबमध्ये जायच्या आधी दोन तास दार लावून बसायचं. हिला सांगितलं तर म्हणाली, बसा. मग थोड्या वेळाने म्हणाली, दार लावायलाच हवं का? म्हटलं, तंद्री लागत नाही गं.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

चौदा लेख तयार. २५ ऑक्टोबरपासून २४ जानेवारीपर्यंतचे सगळे रविवार लागले. आता मी मेलो तरी 'बत्तिशी' चालू राहील.

पंधराव्याचं मात्र कुणाला सांगता येणार नाही. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. पुढचे दात काढायचे असतील तर माणूस बोळका होऊन घरी जाऊ नये म्हणून कवळी आधीच करून ठेवतात. त्याचे दात अजून तोंडात असतात, तो त्यांनी जेवत असतो, आणि इकडे मी प्लास्टरच्या साच्यावरचे तेच दात कापून नवे बसवलेले असतात. ज्या दिवशी दात निघतात त्याच दिवशी कवळी बसते. अशा कवळ्या मी शेकड्यांनी केल्या आहेत. त्यात कधी वावगं वाटलं नाही.

तसा हिच्यावरचा लेख लिहून ठेवला. सगळा भूतकाळात. त्या दिवसांत मला कुठला शब्द सुचणार आणि कुठलं बटण दाबायचं भान राहणार? नुसतं ड्राफ्टात ठेवून उपयोग नसतो, तिथे आधीच साठ लेख कुजत पडलेत. तारीख लावली की माझ्या हातून काम पुरं होतं, ही माझी खोड. म्हणून ३१ जानेवारी लावली. डॉक्टरांच्या हिशेबाने तोवर... लवकर झालं तर तारीख अलीकडे घेता येईल, नाहीतर पुढे ढकलता येईल. हिची बंदी मोडली हे खरं. पण ती वाचायला असणार नाही.

लिहिताना दोनदा उठून तोंड धुवावं लागलं. पण सोळा वर्षांतला सगळ्यात चांगला लेख आहे. हे लिहायची लाज वाटते, पण आपल्याच वहीत खोटं कशाला.

बाहेरून हिने हाक मारली, झालं का? म्हटलं, झालं. मग या, म्हणाली. संगणक बंद करून, डोळे पुसून गेलो तर म्हणाली, काही नाही, आता राहिलं.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

गाठ लहान झाली आहे! डॉक्टरांनी फोटो दोनदा बघितला. ही खायला मागते, गच्चीपर्यंत जिना चढते.

आज गुरुवार, पण कच्चं लिहायचं काही नाही. पुढचे सगळे रविवार लागलेले. हाताला काम नाही म्हणून हिच्याजवळ बसतो. आम्ही पत्ते खेळतो. ही सर्रास लबाडी करते आणि पकडली की औषधांमुळे दिसत नाही म्हणते. आज एक्सचेंजातली गोष्ट सांगितली. एक माणूस रोज दुपारी फोन करून विचारायचा, लाईन चालू आहे ना? दुसरं काही नाही. अकरा वर्षं. ही हो म्हणायची, तो आभार मानून ठेवायचा. मी म्हटलं, काय गोष्ट आहे गं, कधी बोलली नाहीस. म्हणाली, सांगितली होती, दोनदा.

३ जानेवारी, रविवार

दीड महिना वहीला हात लावला नाही. संगणकही उघडला नाही. उघडायचं मनातच आलं नाही.

सहा महिने होऊन गेले आणि ही समोर बसून माझ्या ताटातलं उचलून खाते आहे. सकाळी लेख वाचून म्हणाली, हे कधी लिहिलंत? लिहिताना दिसला नाहीत हल्ली. तोंड फिरवलं तरी खूश झालेली कळत होती. मीही खूश आहे. आता तो आकडा सांगायची गरजच उरली नाही असं वाटतं. लेकीला तसं म्हटलं, तर म्हणाली, आईला द्या फोन.

३१ जानेवारी, रविवार

संध्याकाळ.

पावणेआठला जाग आली. ही बाल्कनीत होती. मांडीवर दोन फोन, हिचा आणि माझा. चहावर साय धरलेली. मला बघून म्हणाली, "चांगला लिहिलाय." तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मग हिने हिचा फोन माझ्यापुढे धरला, आणि मी माझंच पहिलं वाक्य वाचलं. 'ती गेली, आणि घरातला आवाज गेला.'

मी झोपलो होतो तेवढ्यात सगळं होऊन गेलं होतं. माझा फोन वीस मिनिटं वाजत होता, शेवटी हिने घेतला. लेक होती. नुसती रडत होती आणि विचारत होती, बाबा, कधी? ही म्हणाली, मी बोलतेय. तिकडे काही आवाजच येईना. हिला दहा-बारा वेळा सांगावं लागलं की मीच आहे, आहे मी, बाई. हे सगळं हिने मला अगदी सरळ आवाजात सांगितलं, निरोप दिल्यासारखं.

संगणकाकडे धावलो. पासवर्ड आठवेना. तीनदा चुकला. लेख काढेपर्यंत आठ वाजून गेले. एकोणीस कमेंटी. पोस्टमास्तरांनी सहाव्या मिनिटाला श्रद्धांजली वाहिली होती. मी एका ओळीची पोस्ट टाकली, 'माझी पत्नी हयात आहे. चूक माझी.' मग लेकीला फोन लावला. वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, तुम्ही मला सांगायच्या आधी लोकांना सांगितलंत, हे वाचून मला राग आला, रडू आलं. पण खोटं नाही वाटलं. बाबा असंच करतील, असं वाटलं."

ती म्हणाली, यापुढे काहीही असेल तर तुम्ही मला फोन करायचा आणि तोंडाने सांगायचं. दुसऱ्या कशावरही मी विश्वास ठेवणार नाही.

सकाळच्या त्या बोलण्यानंतर ही दिवसभर माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही.

२ फेब्रुवारी, मंगळवार

आज बोलली. दुपारी मला समोर बसवलं आणि म्हणाली, तो लेख मोठ्याने वाचून दाखवा. मी नको म्हटलं. म्हणाली, जगाने वाचलाय, माझ्यासमोर कसली लाज?

वाचला. तीनदा थांबलो, तिन्ही वेळा हिने नुसतं "पुढे" म्हटलं. 'तिने कधी कुरकुर केली नाही' इथे पहिल्यांदा अडवलं. "केली. पुष्कळ केली. तुम्ही ऐकली नाही." मग शेवटाकडे आलो. तिथे मी लिहिलं होतं की अखेरच्या क्षणी तिने माझा हात हातात घेतला आणि हसली. ही म्हणाली, हे मला अजून करायचं आहे का? मला रडू फुटलं. हीसुद्धा हसता हसता रडली.

मग मी आकडा सांगितला. सहा महिने, डॉक्टर जूनमध्ये म्हणाले होते. ही म्हणाली, "माहीत होतं. मी विचारलं आणि तुम्ही 'पथ्यपाणी' म्हणालात, तेव्हाच कळलं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

आठ महिने. पंख्याला तेल घालायला हवं म्हटलं तेव्हाही वाट बघत होती.

शेवटी जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो, एकही शब्द सुधारत नाही. "सोळा वर्षं तुमच्या मनातलं मला रविवारी सातला कळतं. पोस्टमास्तरांबरोबर. मी घरात असते हो. मला आधी सांगत जा."

८ फेब्रुवारी, सोमवार

काल लेख गेला नाही. सोळा वर्षांतला पहिला रविवार. सातला जाग आली, बाल्कनीत ही बसली होती, फोन नव्हता हातात. मी जाऊन बसलो. म्हणाली, सांगा.

काय सांगू? तोंड उघडलं तर दातखीळ बसल्यासारखं झालं. लिहिताना खोडता येतं, बोलताना समोरचा बघत असतो. दहा मिनिटांनी कसंबसं म्हणालो की मला भीती वाटते. कसली? तू नसशील त्याची. एवढंच. ही म्हणाली, बरं, आणखी? आणखी नव्हतं. उद्या सांगा मग, म्हणाली.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

दुखणं उलटलं आहे. यकृतात पसरलंय. डॉक्टरांनी या वेळी दोघांना एकत्रच सांगितलं, कारण ही म्हणाली, यांना बाहेर नेऊ नका, यांना निरोप सांगता येत नाही. परिचारिका हसली. मीही हसलो आणि मग जिन्यात बसून राहिलो.

रोज सकाळी सांगतो. आईने मला एकदा विहिरीवर मारलं होतं ते सांगितलं. लॅबमधल्या जुन्या मालकाची कवळी मी मुद्दाम घट्ट केली होती ते सांगितलं. लग्नाच्या आधी दुसरी एक मुलगी आवडली होती तेही. ही म्हणाली, ते माहीत आहे, पुढचं सांगा. यातलं काही 'बत्तिशी'त नाही. आठशे लेखांत मी नक्की काय लिहीत होतो कोण जाणे.

७ मार्च, रविवार

लेक आठ दिवस राहून गेली. माझ्याशी कामापुरतं बोलते. आईचं अंग पुसते, केस विंचरते. जाताना मला म्हणाली, शनिवारी परत येते, रजा टाकून राहायलाच येते. आणि दारातून मागे वळून म्हणाली, बाबा, लक्षात आहे ना? म्हटलं, आहे.

ही आता पाणीसुद्धा चमच्याने घेते. ऐकायला मात्र जागी राहते.

१२ मार्च, शुक्रवार

आज सांगितलं की तो लेख लिहिला तेव्हा मला तो फार आवडला होता, आणि त्याची लाज वाटते. ही डोळे मिटून होती. म्हणाली, चांगलाच होता. मीसुद्धा रडले वाचून. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, माझ्यावर परत लिहिलंत तर कुरकुर घाला.

उद्या लेक येते.

१७ मार्च, बुधवार

लेक शनिवारी आली नाही. तिच्या मुलाला ताप, बुधवारची गाडी मिळाली. आज रात्री निघणार होती.

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ही गेली. हात धरला नाही, हसली नाही. रात्रभर कण्हत होती, पहाटे मला म्हणाली, ती खिडकी लावा, किती वेळा सांगायचं. लावली. नंतर बोलली नाही. मी स्वयंपाकघरात चमचा धूत होतो. परत आलो तेव्हा श्वास चालू होता, पण खूप थांबून थांबून. खुर्ची ओढून बसलो. सांगायचं बरंच होतं, ते सांगत राहिलो. कधी संपलं ते मला नेमकं कळलं नाही, मी बोलतच होतो. खालच्या मजल्यावरच्या परिचारिकेने येऊन नाडी बघितली आणि घड्याळ बघितलं.

मग लेकीला फोन लावला. तिने पहिल्याच घंटेला घेतला. मी "हॅलो" म्हणालो आणि पुढे शब्द फुटेना. माझा श्वास तिला ऐकू जात असणार. तिला कळलं होतं, मला माहीत आहे तिला कळलं होतं. एवढ्या वेळ कोण उगाच गप्प राहील? मला वाटलं, आता तीच म्हणेल, मी नुसतं हो म्हणेन.

ती म्हणाली, "बाबा, बोला. तुम्ही बोलल्याशिवाय मला कळणार नाही."

मी भिंतीला हात टेकला. किती वेळ गेला सांगता येत नाही. ती रडत होती, पण तिने फोन ठेवला नाही आणि मला मदतही केली नाही.

"आई गेली," मी म्हणालो. "बाळ, आई गेली गं."

"हो बाबा," ती म्हणाली. "निघते मी."

अजून कुणालाही कळवलेलं नाही. ती पोहोचेपर्यंत कळवणार नाही.